भांडण मिटलं, पण फाईल कुठाय?

प्रति,
सत्ताधारी महायुतीचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष, आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि त्यांचे ‘कट्टर समर्थक’

विषय : भांडणात बाहेर काढलेली कागदपत्रं समेटानंतर पुन्हा कपाटात न ठेवण्याबाबत

महोदय,

मी तुमच्या तीन पक्षांपैकी एकाचा चौदा वर्षं बूथप्रमुख होतो. कोणत्या पक्षाचा ते लिहीत नाही. लिहिलं तर उरलेले दोघं हे पत्र गावभर फॉरवर्ड करतील आणि तिसरा माझं घर शोधत येईल. मतदार यादीची पानं घेऊन एप्रिलच्या उन्हात मी फिरलोय, तुमच्या सभांच्या सतरंज्या घातल्यात आणि उचलल्यात. तेव्हा हे विरोधकाचं पत्र आहे असं म्हणून बाजूला सारू नका.

विरोधक तसाही उरलाय कुठे? २०२४ च्या विधानसभेत जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा तुमच्या, धुळ्याच्या पाचच्या पाच तुमच्या. नंदुरबारात चारपैकी तीन. २०२५ मध्ये जामनेर आणि दोंडाईचाच्या नगराध्यक्षपदाला तर मतदानच करावं लागलं नाही, बिनविरोध. मंत्रिपदं एकट्या जळगावला तीन. आता एवढं सगळं एकाच ताटात आल्यावर तुम्ही भांडणार कोणाशी? एकमेकांशीच.

पेपरवाले लिहितात की गटबाजीमुळे विकास खुंटला. मला तसं वाटत नाही. उलट तुम्ही भांडता तेव्हाच आम्हाला चार गोष्टी कळतात. कोणत्या रस्त्यात किती टक्के गेले, खडी कोणाच्या मेहुण्याच्या क्रशरवरून आली, कोणत्या गावचं गटाराचं बिल गटार खोदायच्या आधी निघालं. माहितीच्या अधिकारात तीन अर्ज आणि एक अपील करून जे हाती लागत नाही, ते तुमचा एक नाराज पदाधिकारी विश्रामगृहात चहा पिता पिता सांगून टाकतो. १० एप्रिल २०१९ ला अमळनेरच्या प्रचारसभेत व्यासपीठावरच, मंत्र्यांसमोर, तुमच्या एका माजी आमदाराला तुमच्याच माणसांनी लाथाबुक्क्या घातल्या. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं, लोकांना लाज वाटली. मी मात्र त्या दिवशी म्हणालो होतो, आता दोन्हीकडून कागद बाहेर पडतील. नाही पडले. आठवड्यात सगळे पुन्हा प्रचाराला.

माझी तक्रार तुमच्या भांडणाबद्दल नाही, समेटाबद्दल आहे. का, ते गावच्या एका खड्ड्यावरून सांगतो.

गावाचं नाव नको, तापीकाठचं कुठलंही धरा. जलजीवन मिशनचं काम मंजूर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, असा बोर्ड शाळेच्या भिंतीला लागला. गावाबाहेर टाकी उभी राहिली. गल्लोगल्ली चाऱ्या खोदून निळ्या रेघेचे काळे पाईप टाकले. दारोदारी नळ आले. तोटी फिरवली की फुस्स करून हवा यायची. पोरं पंधरा दिवस तोच खेळ खेळली, मग त्यांनाही कंटाळा आला. बाया पुन्हा हातपंपावर.

कामाचा ठेका तुमच्या खालच्या गटाच्या माणसाला गेला होता. (आमच्या तालुक्यात तुमच्या पक्षाचे दोन गट आहेत, नेत्यांची नावं टाळायची म्हणून मी त्यांना वरचा आणि खालचा म्हणतो. विचारांचा फरक विचारू नका, दोघांच्या बॅनरवर फोटो तेच असतात, फक्त क्रम बदलतो.) एका रात्री साडेनऊच्या सुमारास वरच्या गटाचे एक पदाधिकारी माझ्या ओट्यावर येऊन बसले. कापडी पिशवीतून त्यांनी झेरॉक्स काढल्या. मोजमाप पुस्तिकेची पानं होती, जिला तुम्ही एमबी म्हणता. म्हणाले, “आप्पा, तुम्ही जुने कार्यकर्ते. तुमच्या सहीनं अर्ज गेला तर वजन पडेल.” एमबीत लिहिलं होतं, पाईपलाईनची खोली ९० सेंटीमीटर. खाली सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी.

सकाळी मी आणि माझा पुतण्या टिकाव-फावडं घेऊन मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत गेलो. माझा अंदाज होता की दोनेक फुटांवर पाईप लागेल. थोडं खातील, सगळं कसं खातील, हा माझा चौदा वर्षांचा भाबडा हिशेब. टिकावाचा तिसरा घाव पाईपवर बसला. पुतण्यानं धावत जाऊन त्याच्या पोरीची शाळेची फूटपट्टी आणली, कडेला फुलपाखराचं स्टिकर लावलेली. तेवीस सेंटीमीटर. एक वीत. त्या गल्लीतून केळीच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात. पाणी सोडलंच तर पहिल्या हंगामात पाईप चेपणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तरी इंजिनिअर आला. मी रीतसर अर्ज दिला होता, पोच घेतली होती. साहेबानं गॉगल कपाळावर सरकवून खड्ड्यात पाहिलं, मोबाईलवर दोन फोटो काढले आणि म्हणाला, “हं.” मला वाटलं, झालं काम. वरच्या गटानं तालुक्याला पत्रकार परिषद घेतली, तीच झेरॉक्स पत्रकारांपुढे नाचवली, चौकात बॅनर लावलं. दोन महिने सगळ्यांच्या स्टेटसवर माझा खड्डा होता.

मग निवडणुकीचे वारे वाहू लागले, उमेदवारीच्या वाटपाची वेळ आली आणि वरून निरोप आला की मिटवून घ्या. डिसेंबरात एका मळ्यात भरीत पार्टी ठरली. कापसाच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. दोन्ही गटांचे पुढारी एकाच सतरंजीवर. जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. त्या पिशवीवाल्या पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं माझ्या पत्रावळीत भरीत वाढलं आणि कानाशी वाकून म्हणाला, “आते मिटी गयं ना भो, तू कसाले तानी ऱ्हायना?”

ओट्यावर आला होता तेव्हा मी ‘आप्पा, तुम्ही’ होतो. मळ्यात ‘भो, तू’ झालो. तुमचा समेट मला पहिल्यांदा कळला तो असा.

अर्ज मागे घ्या म्हणून तीनदा निरोप आले. मी घेतला नाही. पुढच्या महिन्यात मला कार्यालयाचं पत्र आलं : ‘तक्रारदार यांचे समाधान झाल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे. समाधान कधी झालं, हे मलाच त्या पत्रातून समजलं.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी बरेच जण दर्शनाचे फोटो टाकतात. घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला रोट द्यायचा नाही. बांधावरून वर्षभर कोर्टात भांडणारे चुलतभाऊसुद्धा त्या दिवशी एका पंगतीला बसतात. आमची आई म्हणायची, कानबाईमुळे भाऊबंदकी टिकते. मळ्यातल्या त्या सतरंजीकडे पाहताना मला तेच आठवलं. मुठी मोजलेल्या, वाटे ठरलेले, आणि भाऊबंदांबाहेर एक घास जायचा नाही. फरक एवढाच की कानबाईच्या रोटाचे गहू आम्ही स्वतःच्या कोठीतले घेतो.

आता गावाबाहेर या. खान्देशात भ्रष्टाचाराचं एक प्रकरण शेवटपर्यंत गेलेलं सगळ्यांना पाठ आहे : जळगावचं घरकुल. अकरा हजारांवर घरं बांधायची ठरली, दीड हजारांच्या आसपास पूर्ण झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेशदादा जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. त्यावर उच्च न्यायालयात अपिलं झाली, जामीन झाले, तो पुढचा भाग. पण निकालापर्यंत गाडी पोचली, कारण फिर्यादी कोणी नाराज नगरसेवक नव्हता. महापालिकेचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलीस ठाण्यात जाऊन सही केली होती. राजकीय वैराचा वारा त्याला लागलाच, नाही म्हणत नाही. पण कागद पत्रकार परिषदेत नव्हता, ठाण्यात होता. ठाण्यातला कागद भरीत वाढून परत मागता येत नाही.

याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. एकनाथ खडसे यांनी भोसरीच्या जमिनीच्या आरोपांवरून ४ जून २०१६ ला महसूलमंत्रिपद सोडलं. आरोप त्यांनी कायम नाकारलेत, खरं-खोटं कोर्ट बघेल. मी फक्त तारखा बघतो. निवृत्त न्यायमूर्ती झोटिंग यांची समिती नेमली. २०१७ मध्ये तिचा अहवाल सरकारकडे गेला आणि सभागृहापुढे काही आला नाही. एप्रिल २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं कोर्टाला कळवलं की प्रकरण बंद करा. तेव्हा खडसे भाजपमध्ये होते, नाराज असले तरी घरात होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी घर सोडलं, राष्ट्रवादीत गेले. २०२१ मध्ये ईडी आली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ऑक्टोबरमध्ये त्याच लाचलुचपत विभागाला पुढचा तपास करावासा वाटला. २०२४ मध्ये ते परत येणार, परत येणार म्हणून महिनाभर चर्चा होती. आले असते तर त्या फाईलचं काय झालं असतं, असा प्रश्न मी आमच्या पारावर विचारला. कोणीही उत्तर दिलं नाही, सगळे हसले. जमीन तीच, कागद तेच, सह्या त्याच. बदलला तो फक्त माणसाचा पत्ता.

ही फक्त आजच्या सरकारची खोड आहे असं मी म्हणत नाही. मार्च २०२१ आठवा. जळगाव महापालिकेत २०१८ ला भाजपचे ७५ पैकी ५७ निवडून आले होते. अडीच वर्षांत त्यातले २७ फुटले, शहराबाहेर जाऊन राहिले आणि ४५ विरुद्ध ३० मतांनी शिवसेनेचा महापौर झाला. तेव्हा राज्यात सरकार महाविकास आघाडीचं होतं. जाताना म्हणाले, शहराच्या खड्ड्यांसाठी जातोय, विकासासाठी जातोय. मग त्यातले काही परतही आले, तेही विकासासाठीच. जाताना केलेले आरोप आणि येताना केलेली स्तुती, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून आम्ही ऐकलं. त्या आरोपांपैकी किती कोणी लेखी दिले? महापालिकेतल्या पक्षांतराविरोधात १९८६ चा कायदा आहे. आरोप करून ते गिळणाऱ्यासाठी मात्र कुठला कायदा नाही.

आणि धुळं. २१ मे २०२५ ची रात्र. सरकारी पैसा नीट खर्च होतो का ते तपासायला विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर आली होती. गुलमोहर विश्रामगृहाच्या १०२ नंबरच्या खोलीला माजी आमदार अनिल गोटे यांनी बाहेरून कुलूप ठोकलं आणि दाराशी ठाण मांडून बसले. कुलूप तोडलं तेव्हा आत १ कोटी ८४ लाख रुपये निघाले. समितीच्या अध्यक्षांनी आपला काही संबंध नाही असं सांगितलं, एसआयटी नेमली गेली. मला त्यात पैशांपेक्षा कुलपाचं जास्त वाटतं. तुम्ही तीन पक्ष, प्रत्येकात दोन-तीन गट, तालुक्यात कोण कोणाबरोबर जेवला हे तासाभरात कळणारी माणसं. पण त्या रात्री तुमच्यातल्या कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. म्हणून बाहेरच्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं कुलूप घेऊन यावं लागलं.

तुम्ही म्हणाल, आप्पा, तक्रार करायला लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे, करा की. तो लाच मागणाऱ्याला रंगेहाथ पकडायला बरा आहे. तलाठ्यानं दोन हजार मागितले तर सापळा लागतो, फोटो छापून येतो. पण टक्केवारी हातात कोणी मागत नाही, ती अंदाजपत्रकातच मिसळलेली असते. आणि पदावरच्या माणसानं घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायची तरी २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ खाली आधी सरकारची परवानगी लागते. सरकार कोण? तुम्ही. म्हणजे कोणाची चौकशी व्हावी हे पुन्हा तुमच्या मळ्यातल्या सतरंजीवर ठरणार. प्रामाणिक अधिकाऱ्याला उगाच त्रास नको म्हणून हे कलम आणलं असं सांगतात. आमच्या तालुक्यात त्या कलमाच्या सावलीत बसलेला प्रामाणिक अधिकारी मला अजून भेटायचाय.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. भ्रष्टाचार करू नका असं मी तुम्हाला म्हणणार नाही, माझं वय झालंय, हसू होईल. एकीनं राहा असं तर मुळीच म्हणणार नाही. तुमची एकी आम्हाला फार महाग पडते. तुम्ही भांडा. खुशाल भांडा. फक्त ज्या दिवशी झेरॉक्स घेऊन पत्रकारांपुढे बसाल, त्याच दिवशी ती पोलीस ठाण्यात द्या, स्वतःच्या सहीनं, फिर्यादी म्हणून. दुसऱ्याच्या ओट्यावर पिशवी घेऊन जाऊ नका. माझ्यासारख्या निवृत्त माणसाची सही सगळ्यांना स्वस्त वाटते, कारण समेट झाल्यावर ती कोणाला अडचणीची ठरत नाही. आणि जिल्हाध्यक्षांना एक विनंती : तुम्ही जेव्हा दोन गटांची दिलजमाई करता आणि तिघं हातात हात घालून फोटो काढता, त्या फोटोखाली एक ओळ लिहीत जा. अमुक गटानं तमुक गटावर केलेल्या आरोपाची फाईल आज अमुक ठिकाणी आहे. खोटा आरोप होता तर तसं लिहा, माफी मागा. खरा होता तर समेट कसला केलात?

हे तुम्ही करणार नाही, माहीत आहे मला. वरच्या गटाचा तो पदाधिकारी आता उमेदवारीच्या रांगेत आहे आणि त्याच्या बॅनरवर ठेकेदाराचा फोटो शुभेच्छुक म्हणून आहे. मागच्या आठवड्यात देवळाजवळ भेटला. पुन्हा ‘आप्पा, तुम्ही’ म्हणाला. मी समजलो, मतदान जवळ आलंय.

तरी एक गोष्ट अजून माझ्या हातात आहे. देवळामागचा तो खड्डा मी बुजवलेला नाही. पोरं पडू नयेत म्हणून वर फरशी ठेवलीय, फरशीवर दगड. पाईप तिथेच आहे, नळातून अजून हवाच येते. आमच्या गल्लीतली ऐंशीची म्हातारी येता-जाता त्या फरशीला काठी मारून विचारते, “पानी कव्हय येई रे?” मी तिला तुमची नावं सांगतो. तुम्ही मतं मागायला गावात याल तेव्हा देवळात नारळ फोडायला याल, तिथून दहा पावलांवर आहे ती जागा. फरशी मी उचलून देईन. फूटपट्टी तेवढी तुम्ही घेऊन या. पुतण्याच्या पोरीला तिची परत द्यावी लागली, परीक्षा होती.

आपला,
तापीकाठचा एक माजी बूथप्रमुख